अपंगत्वाचा लाभ आणि बेरोजगारीचा लाभ: दोन्ही एकाच वेळी मिळतात का?



आजचा पाठ मुलांसाठी कमी आणि आपल्यासाठी जास्त आहे. मी कुसगाव परिसरातल्या प्राथमिक शाळेत पाचवीला शिकवते. आपल्याकडे शिक्षक म्हणजे फक्त शिक्षक नसतो हे तुम्हाला माहीतच आहे. कुणाचं आधारकार्ड दुरुस्त करायचं असतं, कुणाचा उत्पन्नाचा दाखला काढायचा असतो, कुणाला बँकेचा फॉर्म भरून हवा असतो. पालक विश्वासाने विचारतात, "बाई, हे एवढं बघता का?" आपण बघतो. पण कधी कधी आपण अर्धवट माहितीवर उत्तर देतो आणि समोरचं कुटुंब त्या उत्तरावर चालतं. माझ्याकडून तसं झालं, म्हणून हा लेख.

प्रसंग

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील तळेगाव-चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यात प्रेसवर काम करायचे. काही वर्षांपूर्वी प्रेसमध्ये हात सापडून उजव्या हाताची तीन बोटं गेली. उपचार झाले, मेडिकल बोर्ड झालं आणि राज्य कामगार विम्यातून, म्हणजे ज्याला आपण सगळे ईएसआय म्हणतो त्यातून, त्यांना दरमहा थोडी रक्कम सुरू झाली. ते परत कामावर गेले, मात्र प्रेसवर नाही, स्टोअरमध्ये. मग तो कारखानाच बंद पडला. मावळातल्या मुलांना 'कारखाना बंद पडणे' हा शब्दप्रयोग समजावून सांगावा लागत नाही. तळेगावच्या जनरल मोटर्सचं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं तेव्हा अख्ख्या तालुक्याने ते पाहिलं आहे.

नोकरी सुटल्यावर महिन्याभराने ते माझ्याकडे आले. नोकरी गेलेल्या विमाधारकाला ईएसआयमधून काही रक्कम मिळते असं कुणीतरी सांगितलं होतं. पण शेजारच्याने भीती घातली होती, "दोन्हीकडं हात घातलास तर पहिलं पण बंद पडंल." त्यांनी मला विचारलं, "बाई, मी काय करू?"

मी म्हटलं, "शासनाचा एका वेळी एकच लाभ घेता येतो. जे चालू आहे ते राहू द्या."

हे वाक्य मी कुठे वाचलं नव्हतं. ते ऐकीव होतं, आणि शहाणपणाचं वाटत होतं. त्यांनी अर्ज केला नाही. पुढच्या चार महिन्यांत त्यांच्या घरात काय चाललं होतं ते मला सहलीच्या वेळी कळलं. सहलीचे पैसे गोळा करताना मुलगी म्हणाली, "मला गाडी लागते, मी नाही येत." तिला गाडी लागत नाही. नंतर तिची आई भेटली तेव्हा समजलं की डोरलं गहाण पडलं होतं.

पुढे पालकसभेत एक निवृत्त कामगार आजोबा आले होते, दुसऱ्या मुलाचे. विषय निघाला तेव्हा ते मला सरळ म्हणाले, "बाई, तुम्ही चुकीचं सांगितलंत. त्याचं पेन्शन वेगळं आन् हे वेगळं." मग मी बसून नियम वाचले. आजोबांचं बरोबर होतं.

पाठाचा उद्देश

हा लेख वाचून झाल्यावर तुम्हाला तीन गोष्टी जमाव्यात:

१. मिळणारी रक्कम कशाची भरपाई आहे हे ओळखणं.
२. कोणत्या दोन रकमा एकत्र मिळतात आणि कोणत्या नाहीत, याचं कारण सांगता येणं.
३. पालकाने विचारलं तर घाईने 'नाही' न म्हणता योग्य कागद बघायला सांगणं.

आधी गोंधळ समजून घेऊ

'अपंगत्व' आणि 'बेरोजगारी' हे शब्द शेजारी ठेवले की मनात लगेच शंका येते. अपंगत्वाचे पैसे म्हणजे "मी काम करू शकत नाही". बेरोजगारीचे पैसे म्हणजे "मी काम करू शकतो, पण काम नाही". एकच माणूस दोन्ही कसं म्हणेल? एक तर खोटं असणार. शेजाऱ्याला हीच शंका होती, आणि खरं सांगायचं तर मलाही.

चूक पहिल्या वाक्यात आहे. अपंगत्व म्हणजे 'काम करू शकत नाही' असं नव्हे. या वडिलांची तीन बोटं गेली, पण ते रोज आठ तास स्टोअर सांभाळत होते. गेली ती त्यांची काही क्षमता. सगळी नाही. त्या गेलेल्या भागाची भरपाई त्यांना मिळत होती आणि उरलेल्या क्षमतेवर ते पगार कमवत होते. कारखाना बंद पडल्यावर दुसरं नुकसान झालं: उरलेल्या क्षमतेचं कामही गेलं. म्हणजे नुकसानं दोन, तारखा दोन, कारणं दोन. 'काही क्षमता गेली' आणि 'काम गेलं' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

ईएसआयमधल्या रकमा: कोणती कशासाठी?

कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आणि जुना कायदा तिच्यात सामावला गेला. खाली दिलेले कलम क्रमांक जुन्या कायद्याचे आहेत.) दहा किंवा जास्त कामगार असलेला कारखाना आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार, अशी साधारण मर्यादा. दिव्यांग कामगारासाठी ती २५,००० रुपये आहे. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पगाराच्या चिठ्ठीवर ती कपात दिसते. तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवा: ही खैरात नाही. हप्ता भरलेला विमा आहे.

आता त्यातल्या चार रकमा पाहू.

*आजारपणाचा लाभ:* आजारपणामुळे कामावर जाता आलं नाही तर सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस.

*तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ:* कामावर अपघात झाला आणि बरं होईपर्यंत घरी बसावं लागलं तर वेतनाच्या ९० टक्के. अपंगत्व टिकेल तोवर.

*कायमच्या अपंगत्वाचा लाभ:* बरं झाल्यावरही जे नुकसान राहिलं त्याचं मेडिकल बोर्ड मोजमाप करतं. कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरतं आणि त्या प्रमाणात रक्कम मिळते. कायमचं अपंगत्व असेल तर आयुष्यभर. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत तक्ताच आहे: अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के, तीन गेली तर ३०, चारही गेली तर ५०.

*अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना:* ही १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. विमाधारकाची नोकरी गेली तर आयुष्यात जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी मदत. सुरुवातीला सरासरी वेतनाच्या २५ टक्के मिळायचे. कोरोनाच्या काळात, २४ मार्च २०२० पासून, ते ५० टक्के केले. गैरवर्तनाबद्दल काढून टाकलेल्या, निवृत्त झालेल्या किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या माणसाला ती मिळत नाही. योजना ठरावीक मुदतीची असते आणि मुदत वाढवत नेतात, तेव्हा अर्जाआधी चालू मुदत आणि नोकरीच्या काळाची अट बघून घ्यायची.

कोणत्या रकमा एकत्र मिळत नाहीत?

जुन्या कायद्याचं कलम ६५ यावरच आहे. एकाच काळासाठी आजारपणाचा लाभ आणि तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ दोन्ही घेता येत नाहीत. आजारपण आणि प्रसूती दोन्ही नाहीत. प्रसूती आणि तात्पुरतं अपंगत्व दोन्ही नाहीत. दोन्ही लागू असतील तर कोणता घ्यायचा ते कामगार ठरवतो.

आता हे कलम पुन्हा एकदा वाचा आणि त्यात काय *नाही* ते शोधा. मुलांना आपण उतारा देतो आणि 'उताऱ्यात न आलेली गोष्ट ओळखा' म्हणतो, तसंच. त्या यादीत *कायमच्या* अपंगत्वाचा लाभ नाही. तो मुद्दामच वगळलेला आहे, कारण तो एखाद्या दिवसाच्या बुडालेल्या पगाराची भरपाई नाही. माणूस कामावर असला तरी तो मिळतो, आजारी पडला तरी मिळतो.

अटल योजनेतही हेच तत्त्व आहे. त्या काळात ईएसआयची दुसरी रोख मदत सोबत मिळत नाही, *मात्र कायमच्या अपंगत्वाची नियमित रक्कम चालू राहते*. माझं 'एका वेळी एकच' हे वाक्य इथेच खोटं ठरलं.

तात्पुरत्या अपंगत्वाचं काय? इथे दोन्ही मिळत नाहीत, आणि कारण साधं आहे. तो लाभ चालू असताना मालकाने कामगाराला काढून टाकू नये असं कलम ७३ सांगायचं. म्हणजे तो कामगार त्या काळात जखमी आहे, बेरोजगार नाही.

गणित मांडून बघू

पाचवी-सहावीच्या गणिताएवढंच आहे, फळ्यावर मांडता येईल. सोपं जावं म्हणून अपघाताच्या वेळचं आणि नोकरी सुटतानाचं सरासरी वेतन एकच, रोज ५०० रुपये, असं धरू. (खऱ्या हिशेबात दोन्ही वेळचं वेतन वेगळं असतं.)

कायमच्या अपंगत्वाचा पूर्ण दर: ५०० चे ९० टक्के = ४५० रुपये.
कमाईची क्षमता ३० टक्के गेली: ४५० चे ३० टक्के = रोज १३५ रुपये, म्हणजे ३० दिवसांचे ४,०५० रुपये.
बेरोजगारीची मदत: ५०० चे ५० टक्के = रोज २५० रुपये.

आता तीन बेरजा करू.

आजारपण आणि तात्पुरतं अपंगत्व: ३५० + ४५० = ८०० रुपये.
तात्पुरतं अपंगत्व आणि बेरोजगारी: ४५० + २५० = ७०० रुपये.
कायमचं अपंगत्व (३० टक्के) आणि बेरोजगारी: १३५ + २५० = ३८५ रुपये.

पहिल्या दोन बेरजा पगाराच्या पुढे जातात. एकाच बुडालेल्या दिवसाची भरपाई दोनदा झाल्यासारखं ते होतं. तिसरी पगाराच्या आतच राहते. पण इथे एक सावधगिरी: 'बेरीज पगारापेक्षा कमी आली की चालतं' असा नियम नाही. नियम *कारणाचा* आहे. एकच नुकसान दोनदा भरून मिळत नाही. दोन वेगळी नुकसानं दोनदा भरून मिळतात.

आता ९० दिवसांचा हिशेब. नोकरी चालू असती तर पगाराचे ४५,००० आणि अपंगत्वाचे १२,१५० मिळून ५७,१५० रुपये घरात आले असते. नोकरी गेल्यावर दोन्ही लाभ धरून २२,५०० + १२,१५० = ३४,६५० रुपये येतात. "दोन्ही हातांनी ओढतोय" असं ज्याला लोक म्हणतात त्याच्या घरात प्रत्यक्षात २२,५०० रुपये कमी येतात. आणि माझा सल्ला ऐकला तर येतात फक्त १२,१५०. माझ्या एका वाक्याची किंमत २२,५०० रुपये होती. कुसगावात एखाद्या घरासाठी ती छोटी रक्कम नाही.

टक्क्यांचा घोळ

यात बहुतेक पालक अडकतात. 'टक्के' हा शब्द तीन वेगळ्या ठिकाणी तीन वेगळ्या अर्थांनी येतो.

पहिला, ईएसआयच्या मेडिकल बोर्डाचा: *कमाईची क्षमता* किती टक्के गेली.

दुसरा, दिव्यांग प्रमाणपत्राचा: *शरीराचं अपंगत्व* किती टक्के. हे सरकारी रुग्णालयातून मिळतं. आपल्या भागातल्या लोकांना औंधचं जिल्हा रुग्णालय माहीत आहे. यावरून यूडीआयडी कार्ड निघतं आणि बहुतेक योजनांसाठी ४० टक्क्यांची अट असते.

तिसरा, केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतनाचा: इथे किमान ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब लागतं.

ईएसआयच्या कागदावर ३० टक्के लिहिलं आहे म्हणून प्रमाणपत्रावरही ३० येईल असं नाही, आणि उलटही नाही. एक कागद दुसऱ्या कार्यालयात दाखवून "टक्केवारी बसत नाही" म्हणून परत आलेले पालक मी पाहिले आहेत. त्यांना चुकीच्या खिडकीवर पाठवलेलं असतं, एवढंच.

गरज पाहून मिळणारी रक्कम: संजय गांधी निराधार योजना

आतापर्यंत आपण विम्याबद्दल बोललो. पण मावळात ईएसआयच्या बाहेरचे लोक खूप आहेत. बंगल्यांवर राखण करणारे, बांधकामावरचे, चिक्कीच्या छोट्या दुकानात काम करणारे, भाताची शेती करून उरलेल्या दिवसांत मजुरी करणारे. त्यांचा हप्ता कुणी भरलेलाच नसतो, त्यामुळे नोकरी गेल्यावर मिळणारी मदतही नाही.

त्यांच्यासाठी दिव्यांगत्वाच्या बाबतीत मुख्य आधार म्हणजे राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना. अर्ज तहसील कार्यालयात, म्हणजे आपल्यासाठी वडगाव मावळला. रक्कम जुलै २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाली आणि २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांसाठी २,५०० करण्यात आली. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे.

इथला प्रश्न वेगळा असतो. विमा विचारतो, "तुझं काय गेलं?" ही योजना विचारते, "तुझ्याकडे किती आहे?" म्हणून इथे दुसरा लाभ नावाने आडवा येत नाही, उत्पन्न म्हणून येतो. आपल्याच उदाहरणात ४,०५० गुणिले १२ म्हणजे वर्षाचे ४८,६०० रुपये. त्यात ९० दिवसांची मदत मिळवली की ७१,१०० होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. ते लपवून अर्ज करणं चूक आहे, आणि पुढे वसुली लागली तर कुटुंबालाच ते जड जातं. पालकाला हे आधीच स्पष्ट सांगावं.

बेरोजगारीच्या बाबतीत आपल्या राज्याचा इतिहास मोठा आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ चा आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्याला काम द्या, नाही तर भत्ता द्या, हे तत्त्व देशाने पुढे २००५ च्या कायद्यात घेतलं. त्यात १५ दिवसांत काम न मिळाल्यास पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान पाव हिस्सा आणि नंतर किमान निम्मा भत्ता ठरवला होता. दिव्यांग माणसालाही त्यात काम मागता यायचं, झेपेल असं काम देणं अपेक्षित होतं. 'अपंग म्हणजे कामाला नालायक' हे गृहीतक तिथेही नव्हतं.

अपंगत्वामुळेच नोकरी गेली तर?

हाही प्रश्न पालक विचारतात. ईएसआयमध्ये १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. कारखाना बंद पडला, कामगारकपात झाली, किंवा *कामाबाहेरच्या* अपघाताने ४० टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व येऊन नोकरी सुटली, तर तिच्यात बेरोजगारी भत्ता मिळतो: पहिल्या वर्षी वेतनाच्या ५० टक्के, दुसऱ्या वर्षी २५ टक्के. शनिवारी रात्री महामार्गावर दुचाकीचा अपघात झालेला कामगार डोळ्यांसमोर आणा. त्याला कामावरच्या अपघाताचा लाभ लागू होत नाही, म्हणून हा रस्ता ठेवलेला आहे.

आणि आपण शिक्षक? सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम २० सांगतं की त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं पद द्यायचं. आधीच्या १९९५ च्या कायद्यात हेच कलम ४७ मध्ये होतं. पाय गमावलेल्या एका जवानाच्या प्रकरणात, कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये म्हटलं की अपंगत्व निवृत्तिवेतन मंजूर झालं म्हणून हे संरक्षण नाकारता येत नाही. शिक्षक मित्रांनो, स्टाफरूममध्ये हे एकदा मोठ्याने वाचा. वेळ सांगून येत नाही.

बाहेरच्या देशांत काय करतात?

आपली मुलं-भाचरं परदेशात असतात, म्हणून थोडक्यात. ब्रिटनमध्ये आजार किंवा अपंगत्वामुळे काम न झेपणाऱ्याचा भत्ता आणि नोकरी शोधणाऱ्याचा भत्ता, दोन्ही एकत्र मिळत नाहीत, कारण दोन्ही पगाराच्या जागी आहेत. पण दिव्यांगत्वामुळे रोजच्या जगण्याचा जो खर्च वाढतो त्याची वेगळी रक्कम, पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, नोकरी असो वा नसो, मिळते. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा अपंगत्व लाभ घेताना मोठी कमाई देणारं काम झेपत नाही असं सांगावं लागतं, आणि बेरोजगारीचा लाभ घेताना कामाला तयार असल्याचं. म्हणून तिथे दोन्ही अर्ज एकत्र केले तर प्रश्न विचारले जातात. सगळीकडे धागा एकच: रक्कम कशाची भरपाई आहे?

कृती: तीन डबे

पालकसभेसाठी हा छोटा उपक्रम मी केला. तुम्हीही करून बघा. फळ्यावर तीन डबे काढा.

पहिला डबा: *शरीराचं किंवा क्षमतेचं कायमचं नुकसान.*
दुसरा डबा: *या दिवसांचा बुडालेला पगार.*
तिसरा डबा: *घरात पुरेसं नाही म्हणून.*

मग एकेक लाभ चिठ्ठीवर लिहून पालकांना डब्यात टाकायला सांगा. कायमचं अपंगत्व पहिल्यात. आजारपण, प्रसूती, तात्पुरतं अपंगत्व, बेरोजगारी दुसऱ्यात. संजय गांधी तिसऱ्यात. नंतर नियम सांगा:

• दुसऱ्या डब्यातली एका काळासाठी एकच चिठ्ठी उचलायची.
• पहिल्या डब्यातली चिठ्ठी दुसऱ्या डब्यातल्या चिठ्ठीसोबत चालू शकते. मात्र एकाच इजेची भरपाई ईएसआय आणि दुसरा कायदा अशा दोन ठिकाणांहून घ्यायची नाही.
• तिसऱ्या डब्याला हात लावण्याआधी बाकीच्या दोन डब्यांची बेरीज सांगायची.

डबे ही ढोबळ मांडणी आहे, शेवटचा शब्द योजनेच्या कागदाचा. पण कोणता प्रश्न विचारायचा ते यातून कळतं.

पालकांना काय सांगावं?

• जुना लाभ बंद करून घेऊ नका आणि लपवूही नका. अर्जात तो लिहा.
• बेरोजगारीच्या मदतीसाठी ईएसआयच्या संकेतस्थळावर विमा क्रमांकाने दावा करता येतो. आधीच्या मालकाने अर्ज पुढे पाठवायची वाट बघत बसू नका, थेट शाखा कार्यालयात जाता येतं.
• बँक पासबुक, आधार, विमा क्रमांक आणि मेडिकल बोर्डाचा निर्णय एका पिशवीत ठेवा. आमच्याकडे ती पिशवी भाताच्या कणगीवर असते, तिथेही चालेल, पण एकत्र हवी.
• मधेच नवी नोकरी लागली तर लगेच कळवा. कामावर असताना बेरोजगारीचे पैसे घेणं हा गुन्हा आहे.
• कार्यालयात कुणी तोंडी 'नाही' म्हटलं तर शांतपणे विचारा, "कोणत्या नियमाने? लेखी द्याल का?"
• मोबाईलवर फिरणाऱ्या 'बेरोजगार भत्ता' फॉर्ममध्ये आधार आणि बँकेची माहिती टाकू नका.

वर्गात काळजी

या विषयावर शिकवताना एखाद्या मुलाच्या घराचं उदाहरण नाव घेऊन देऊ नका. ज्या मुलीच्या वडिलांची गोष्ट मी सांगितली, ती त्यांना विचारून आणि ओळख पटणार नाही अशी सांगितली आहे. आणि 'फुकटचे पैसे' हा शब्द वर्गात कुणी वापरला तर थांबून विचारा, "हप्ता कुणी भरला होता?" मुलं उत्तर बरोबर देतात.

शेवटी

आम्ही दोघांनी मिळून अर्ज भरला. मी त्यांच्यासमोर कबूल केलं की माझं चुकलं होतं. ते म्हणाले, "असू द्या बाई, तुम्ही काय मुद्दाम केलं नाय." रक्कम खात्यावर आली, अपंगत्वाची रक्कम पहिल्यासारखी चालू राहिली. डोरलं सोडवलं. सहल मात्र होऊन गेली होती, ती परत येत नाही.

तेव्हापासून मी स्वतःला एक नियम घातला आहे: ज्या प्रश्नाचं उत्तर मी वाचलेलं नाही, त्याला 'नाही' म्हणायचं नाही. "उद्या सांगते, बघून," म्हणायचं. मुलांना आपण हेच शिकवतो, उत्तर लिहिण्याआधी प्रश्न नीट वाचा. आपणही वाचूया.

तुमच्या शाळेत असा प्रश्न घेऊन कुणी आलं तर हा पाठ त्यांच्यासोबत बसून वाचा. पुढच्या पाठात भेटू.